शीट चारचं शिखर

३ एप्रिल १९८४, मंगळवार

केंडलसाहेबांनी आज बहरीनच्या कॉजवेचं, समुद्रावरच्या नव्या पुलाचं, काम माझ्याकडून काढून घेतलं आणि त्या जागी अंटार्क्टिका दिली. मला आधी थट्टा वाटली. मग त्यांनी पेटी उघडली. विमानातून काढलेल्या फोटोंच्या काचा, एक फील्डबुक, आणि इंग्लंडमधल्या कुठल्याशा संस्थेचं पत्र. नकाशाची एकूण चार शीट्स करायची. चौथ्याच्या मधोमध एक डोंगर. त्याचा नकाशा आजवर झालेला नाही. नावही नाही. गेल्या वर्षी तीन माणसं तिथे पहिल्यांदा पोचली.

मलाच का, विचारलं. म्हणाले, साबखा तुझ्यासारखा कुणी करत नाही. साबखा म्हणजे इथली खारट सपाट जमीन — फोटोत तिच्यावर नजर धरायला काहीच नसतं, झुडूप नाही, दगड नाही. बर्फही तसाच असणार.

मी बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिलाय.

५ एप्रिल

आईला पत्रात माझं काम समजावायचा पुन्हा एक प्रयत्न. ‘एका जागेचे दोन फोटो, एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या. दोन्ही डोळे मिळून पाहिलं की डोंगर उभा राहतो. यंत्रात एक उजेडाचा ठिपका असतो. चाक फिरवून तो जमिनीवर टेकवायचा. टेकला की उंची वाचायची. असं दिवसभर.’

ती उत्तरात विचारणार, डोळे दुखत नाहीत ना.

७ एप्रिल, शनिवार

फील्डबुक वाचून काढलं. लिहिणाऱ्याचं नाव हॅलम. अक्षर बारीक, सातच्या आकड्याला मधे रेघ. सेहेचाळीस दिवस, तीन माणसं, एक तंबू. आकड्यांच्या शेजारी शेऱ्याची जागा असते, तिथे आपण ‘ऊन’ नाहीतर ‘धूळ’ लिहितो. हा लिहितो: ‘वारा. बोटं कळत नाहीत. वाचन पुन्हा घेतलं, तेच आलं.’ सहा दिवस तंबूत अडकले, त्या सहा दिवसांत रोज एकच शब्द — ‘पांढरं’. शेवटी: ‘शिखर. तिघेही. खूण रोवली. सगळीकडून क्षितिज दिसतं. कोको गोठला.’

हे परत परत वाचायची कामासाठी गरज नव्हती.

गुंडू चहा घेऊन आला. ऑफिसची गाडी चालवतो, मालवणकडचा. काचेवर वाकून म्हणाला, "बाय, ह्या डोंगरार रवता कोण?"

कोणी नाही म्हटलं.

"कोण नाय? मगे नकशो कशाक होयो?"

तो जाताना म्हणाला, "तुमचा बरां आसा. थंय कोण तक्रार करूक येवचो नाय."

१२ एप्रिल

तक्रार करायला इलायस आहे. आमचा तपासनीस. वसईकडच्या भुईगावचा, म्हणजे माझ्या निर्मळपासून सायकलच्या अंतरावर, पण तिथे आम्ही कधी भेटलो नाही. आधी ओमानात फील्डवर होता. गुडघा मोडला म्हणून टेबलावर आला. गुडघा आता बरा आहे, हिवाळ्यात त्याला पुन्हा फील्डवर पाठवायचं कबूल झालंय. त्याला हवं असलेलं एवढंच एक मला माहीत आहे.

आज पहिलं शीट परत आलं. लाल पेन्सिलीने एकच गोल. अर्धा मीटर.

"अर्ध्या मीटरसाठी परत?" मी म्हटलं.

"अर्धा मीटर म्हणजे गुडघाभर पाणी, मिस बेनिटा."

"तिथे पाणी नाहीये. बर्फ आहे."

"मग गुडघाभर बर्फ. चालून बघा."

हसला नाही. मीही नाही. गोल मात्र बरोबर होता.

१५ एप्रिल

माझ्या यंत्राचा दिवा डोळ्यांवर येत होता. आज सकाळी त्यावर काळ्या पुठ्ठ्याची झापड होती, कडा ब्लेडने सरळ कापलेल्या. इतक्या सरळ कडा ऑफिसात एकच माणूस कापतो. इलायसचे आभार मानले तर म्हणाला, "गुंडूने लावली." गुंडू म्हणतो, "माकां खंय येता ता!"

२० एप्रिल, गुड फ्रायडे

दुपारच्या प्रार्थनेला उभी होते. उजव्या डोळ्यात केस गेला म्हणून तो डोळा हाताने झाकला. वेदीवरच्या एका मेणबत्तीच्या दोन झाल्या. दोन ज्योती, एकीवर एक, कडा विस्कटलेल्या. हात काढला, एक झाली. डावा झाकला, एक. उजवा झाकला, दोन.

चार वेळा करून पाहिलं. क्रूसाचं चुंबन घ्यायच्या रांगेत मी डोळे तपासत होते.

२१ एप्रिल

फ्लोरीला सांगावं लागलं. आम्ही दोघी नईम भागात एका खोलीत राहतो, तिच्यापासून काही लपत नाही. ती हॉस्पिटलात नर्स आहे. अक्षरांचा तक्ता घेऊन आली, भिंतीला लावला, मोजून सहा मीटरवर मला उभं केलं, म्हणजे जिन्यात. वरच्या मजल्यावरचा पठाण थांबून पाहत होता.

उजवा: शेवटच्या ओळीपर्यंत. डावा: चौथी ओळ, त्यातही ‘ई’ की ‘एफ’ सांगता येईना.

"चष्मा लागेल," मी म्हटलं.

"लागेल. नाहीतर आणखी काही असेल. तू डॉक्टर नाहीस, मीही नाही." तिने नऊ मेची वेळ घेतली. "आणि चेहरा असा दगडासारखा करू नकोस, मला भीती वाटते."

माझ्या व्हिसावर ‘ऑपरेटर’ लिहिलंय. हे यंत्र दोन डोळ्यांचं आहे. एक गेला तर बाकीचं शिक्षण, हैदराबादचा कोर्स, पाच वर्षं — कशाचाच उपयोग नाही. मला यंत्रावरून उठवतील, मग घरी पाठवतील. घरी वाईट काही नाही. पण तिथे मी फक्त कुणाची तरी मुलगी असते.

ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

२८ एप्रिल

डोंगर वर येतोय. उतारावर काळा कातळ, त्यावर ठिपका चटकन टेकतो. वर बर्फाची टोपी. तिथे ठिपका टेकला की वर तरंगतोय ते कळायला वेळ लागतो. श्वास धरून करते. साबख्यावरही मी असंच करायचे का, आठवत नाही.

डोंगर सुंदर आहे. हे फील्डबुकात लिहिता येत नाही म्हणून इथे.

२ मे, बुधवार

शिखर वाचलं.

हॅलमची उंची: १७८४. माझी: १७९८.

चौदा मीटर. मी यंत्र पुन्हा बसवलं, पुन्हा वाचलं. पाच वाचनं: १७९६.९, १७९९.२, १७९८.६, १७९७.१, १७९८.७. सरासरी १७९८.१. अडीच मीटरपर्यंत पसरलीत. पूर्वी माझी वाचनं अशी पसरत नसत.

खालच्या सगळ्या तपासणीच्या जागा, हॅलमने उंची मोजून ठेवलेल्या, जुळतात. पण त्या सगळ्या कातळावर आहेत. बर्फावरची एकच, शिखराची. म्हणजे दोनच शक्यता. एक तर हॅलमने खूण शिखरावर लावली नाही आणि उंची भलत्याच जागेची काढली. नाहीतर माझा डोळा.

३ मे

केंडलसाहेबांना फरक सांगितला. डोळ्याचं नाही सांगितलं. अर्धं खरं.

ते म्हणाले, डोंगर चुकला की तू? आणि इलायसला हाक मारली. "शिखर चौदा मीटर जास्त येतंय. तू स्वतंत्र वाच."

वाचणाऱ्याला आकडा आधी सांगायचा नसतो. साहेबांना हे कळायला हवं होतं. मी गप्प बसले.

५ मे, शनिवार

सकाळी आठ ते साडेअकरा इलायस माझ्या यंत्रावर. मी नकाशांच्या खोलीत जुनी शीट्स रचत होते. एकच गठ्ठा तीनदा रचला. गुंडू दोनदा चहा घेऊन आला. दुसऱ्यांदा काही बोलला नाही, नुसता ठेवून गेला. गुंडू न बोलता गेला म्हणजे माझा चेहरा वाईट दिसत असणार.

साडेअकराला इलायस बाहेर आला. रुमालाने डोळे पुसत होता. म्हणाला, "सतराशे अठ्ठ्याण्णव. तुमच्याइतकंच."

कागद दाखवला. १७९८.१, १७९७.६, १७९८.४, १७९७.९, १७९८.०. एका मीटरच्या आत सगळी. त्याची नेहमीच असतात.

दोन माणसं, दोन वेगळी वाचनं, एकच उत्तर. मग डोळ्याचा प्रश्नच नाही. चूक डोंगरावर झाली.

मी "ठीक" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. तो बराच वेळ चालू ठेवला.

६ मे

केंडलसाहेबांना पटेना. हॅलमसारखा माणूस शिखराची खूण चुकवेल कसा? त्यांच्या केबिनला काच आहे पण वरून उघडी आहे, सगळं ऐकू येतं.

इलायस म्हणाला, "वारा असला की माणूस आडोशाला खूण लावतो, सर. वहीत शिखर लिहितो. मी केलंय. ओमानमध्ये."

मग साहेब: "कुठलं शीट?"

"आठवत नाही."

मी मान वर केली. इलायसला आठवत नाही? माझ्या पहिल्या महिन्यातल्या चुका तो नंबरानिशी सांगतो.

बाहेर आला तेव्हा कानाची पाळी लाल होती. संध्याकाळी गुंडूकडून कळलं: हिवाळ्यात इलायसला फील्डवर पाठवायचं रद्द. साहेब म्हणाले म्हणे, खूण जिथे नाही तिथे लावणारा माणूस मला टेबलावरच बरा.

माझ्यामुळे झालं. माझं खरं ठरावं म्हणून त्याने स्वतःचं जुनं पाप काढलं. इलायसला जाऊन काय म्हणायचं असतं अशा वेळी? मी त्याच्या टेबलावर मोसंबी ठेवली. सोललेली. मूर्खपणा. त्याने खाल्ली.

७ मे

नऊ तारखेची वेळ रद्द करायला सांगितली. फ्लोरी: "तक्ता खोटं बोलला का?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर असेल, सुटीत वसईला बघू. ती फणफणत ड्यूटीला गेली.

८ मे

साहेबांनी पत्राचा मसुदा मला करायला लावला. हॅलमला सांगायचं की तुम्ही तिघे ज्या जागी उभे होतात ते शिखर नव्हतं.

इंग्रजीत चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी ‘कदाचित वाऱ्यामुळे’ घातलं. वाचताना त्याला निदान कळेल की इथे कुणाला तरी वाऱ्याची कल्पना आहे. पण सेहेचाळीस दिवस, आणि ‘शिखर. तिघेही.’ ते मी चौदा मीटर खाली ओढतेय. उत्तर येईपर्यंत शीट थांबलं. तो कुठल्याशा जहाजावर आहे, जूनमध्ये परतणार.

११ मे, शुक्रवार

मिसा झाल्यावर गुंडूने गाडी काढली. फ्लोरी, इलायस, मी. जबल दुखानला गेलो. बहरीनचा सर्वांत उंच डोंगर, एकशे चौतीस मीटर. फ्लोरीने खीमापाव आणला होता, इलायसने कलिंगड. गुंडू डोंगर बघून म्हणाला, "हेका डोंगर म्हणतत? आमच्या गावाक ह्येच्यावर म्हशी चढतत."

वर गेलो. इलायस उतारावर गुडघा जपत चालतो, पण सगळ्यांच्या पुढे. वर वारा होता, उष्ण. खाली तेलाच्या विहिरी, पलीकडे धुरकट समुद्र. माझ्या डाव्या बाजूला उभा राहून तो म्हणाला, "डॉक्टरांकडे गेलात?"

फ्लोरीने सांगितलं असणार. मी म्हटलं, आता गरज नाही.

तो समुद्राकडे वळला. मग म्हणाला, "तरी जाऊन या."

"दोघांचं वाचन सारखं आलं ना?"

"आलं. तरी जाऊन या, बेनिटा."

मिस म्हणायचं विसरला. खाली उतरताना एका घसरणीवर त्याने हात पुढे केला. मला गरज नव्हती. मी धरला. फ्लोरी मागे होती आणि पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं नाही.

१२ मे

फ्लोरी शपथेवर सांगते की तिने इलायसला डोळ्याचं काही सांगितलेलं नाही. "मी? मी नर्स आहे, पेशंटचं बाहेर बोलत नाही." मग चाटूने रस्सा ढवळत, "पण तो माणूस तुझ्याकडे बघतो गं. तू बघत नसतेस तेव्हा."

मग त्याला कसं कळलं?

झापड लावायच्या आधी दिव्याकडे बघून मी डोळा मिचकावला असेल. बहुतेक तेच.

२४ मे

शीट दोन आणि तीन पूर्ण. इलायसचे लाल गोल कमी झालेत. बर्फाच्या भागात एकही नाही. मी सुधारले असं धरून चालते.

आज त्याने विचारलं, डोंगराला नाव द्यायचं झालं तर काय द्याल. मी म्हटलं, नाव देण्याचा हक्क वर गेलेल्यांचा. तो म्हणाला, "हो. त्यांचाच." आणि पेन्सिल तासत बसला. तासलेलीच होती.

१ जून, शुक्रवार

रमझान सुरू. ऑफिस दुपारी दोनला बंद. गुंडू चहा चोरून करतो आणि पडद्यामागे बसून पितो, आपणच रोजा मोडतोय अशा चेहऱ्याने.

दुपार मोकळी. इलायसने उम्म अल हस्समला त्याच्या खोलीवर जेवायला बोलावलं, फ्लोरीसकट. बोंबलाचं कालवण. मीठ मोजून घातलेलं, मसाला मोजून. फ्लोरी म्हणाली, "तुम्ही दोघं लग्न केलंत तर मुलांची उंची दर आठवड्याला घ्याल." मी ताटाकडे पाहिलं. इलायस म्हणाला, "दर महिन्याला पुरे."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत बरोबर आणलं.

१३ जून

इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. सकाळी यंत्रावर बसायची भीती गेली. डावा डोळा संध्याकाळी जरा जास्त धूसर होतो, एवढंच. इथली धूळ.

२० जून, बुधवार

हॅलमचा टेलेक्स आला.

खूण शिखरावरच आहे. तिथे उभ्या असलेल्या तिघांचा फोटो पोस्टाने येतोय. त्यांच्या डोक्यावर आकाशाखेरीज काही नाही. शिवाय त्यांनी तेच फोटो त्यांच्याकडच्या यंत्रावर दुसऱ्या ऑपरेटरकडून वाचून घेतले. १७८४.

माझी चूक चौदा मीटर. इलायसची चूक चौदा मीटर. मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. इलायसला दोन्हींनी दिसतं.

उत्तर लिहून साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं: शिखर त्यांचंच, चूक ऑपरेटरची, डाव्या डोळ्याची, तपासणी बाकी. खाली माझी सही. दुसऱ्या वाचनाबद्दल मी काही लिहिलं नाही. ते त्याचं त्याने लिहायचं. हॉस्पिटलात फोन करून फ्लोरीला म्हटलं, मिळेल ती पहिली वेळ घे.

मग इलायसच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. टेलेक्स त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला. मी विचारलं, "खरं किती आलं होतं?"

"सतराशे त्र्याऐंशी पॉइंट आठ."

दीड महिना झाला होता. त्याला आठवावं लागलं नाही.